होमब्रू बिअरचं जजिंग आणि खाण्यावर लिहायच्या स्पर्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इथं अमेरिकेत होमब्रू, म्हणजे घरी बनवलेल्या बिअरच्या, स्पर्धांना जज म्हणून बसते आणि अधूनमधून खाण्यापिण्यावर लिहून स्पर्धांना पाठवते. हे एकदा कळलं की मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी जेवणाच्या रांगेत गाठतंच, आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून सगळं एका जागी टाकतेय. दोन वेगळे विषय एकाच पानावर का, तर माझ्या मते ते वेगळे नाहीतच. तोंडात नेमकं काय आलं ते अनोळखी माणसाला कळेल असं सांगता येणं, मार्क त्याचेच, मग समोर ग्लास असो नाहीतर कागद.

घरी बिअर बनवणं कायदेशीर आहे का मुळात?

अमेरिकेत हो. ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून तो लागू झाला. घरात एकच सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, टॅक्स नाही, पण विकायची अजिबात नाही. स्पर्धेसाठी किंवा टेस्टिंगसाठी घराबाहेर न्यायला केंद्राच्या नियमात स्पष्ट मुभा आहे. राज्यांचे कायदे मात्र वेगवेगळे, अलाबामा आणि मिसिसिपीत होमब्रूला परवानगी मिळाली ती थेट २०१३ मध्ये. गंमत म्हणजे लॉस एंजेलिसचा माल्टोज फाल्कन्स हा क्लब १९७४ पासूनचा, म्हणजे कायद्याच्याही आधीचा! ब्रिटनमध्ये लायसन्सची भानगड १९६३ लाच गेली. आणि हो, हे सगळं बिअरबद्दल, दारू गाळणं हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे, त्याबद्दल मला विचारू नका.

पुण्यात माझ्या भावाला करायचीय, त्याला पाठवू का हे?

वाचायला पाठवा, करायला नको. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, लायसन्सशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे आणि कागदोपत्री तर प्यायलाही परमिट लागतं, वर्धा-गडचिरोली तर ड्रायच. त्याला चाखायला शिकायचं असेल तर पुण्यात मायक्रोब्रुअऱ्या भरपूर आहेत, डूलाली २००९ मध्ये तिथंच सुरू झाली. चार प्रकारांचे छोटे ग्लास मागवायचे आणि वही घेऊन बसायचं. जजिंगचा निम्मा अभ्यास तसाच होतो, त्यासाठी घरात पातेलं चढवायची गरज नाही.

स्पर्धेच्या दिवशी नक्की काय चालतं?

बाहेरून बघितलं तर फार कंटाळवाणं दृश्य असतं खरं तर. एखाद्या ब्रुअरीच्या मागच्या हॉलमध्ये किंवा क्लबच्या जागेत टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर दोन किंवा तीन जज, पाण्याचा जग, बिनमिठाची बिस्किटं नाहीतर पाव, ओतून टाकायला बादली आणि पेन्सिली. बाटल्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या, तपकिरी, बिनलेबलच्या, झाकणावर काही छापलेलं असेल तर ते मार्करने काळं केलेलं, आणि फक्त एक नंबर. बिअर कुणाची आहे हे जजला कळता कामा नये. बाटल्या आणून देणं, ओतणं, कागद गोळा करणं हे स्टुअर्ड लोक करतात.

ग्लासात साधारण साठ ते नव्वद मिली येते. आधी वास घ्यायचा, लगेच, कारण काही वास मिनिटभरात उडून जातात, मग रंग-फेस-गढूळपणा बघायचा, मग घोट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिहून होईपर्यंत शेजारच्याशी बोलायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. एकाने "अरे हे काय" म्हणून भुवया वर केल्या की दुसऱ्यालाही तोच दोष लागायला लागतो, हे अगदी खरं आहे. दोघांचं लिहून झालं की मग मार्क सांगायचे, फरक सातच्या वर असेल तर पुन्हा चाखायची, चर्चा करायची आणि जवळ यायचं. टेबलावरच्या चांगल्या बिअर पुढच्या फेरीत जातात आणि शेवटी प्रत्येक गटातला पहिला नंबर घेऊन बेस्ट ऑफ शो ठरतं. त्या फेरीत मार्क नसतात, नुसती चर्चा, आणि ती ऐकायला मिळाली तर सोडू नका.

मार्क कशाचे असतात?

एकूण ५०. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, माउथफीलला म्हणजे तोंडात ती जड लागते की पातळ, गॅस किती वगैरे त्याला ५, आणि एकूण मताला १०. रूपाला फक्त तीन, म्हणजे दिसायला सुंदर असून फार काही हाती लागत नाही. ४५ ते ५० म्हणजे असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ खूप चांगली, २१ ते २९ चांगली, त्याखाली मग गडबड. आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या टक्केवारीची सवय असलेल्या लोकांना ३२ मिळाले की धक्का बसतो, पन्नासपैकी बत्तीस म्हणजे चौसष्ट टक्के, घरी काय सांगू? अहो, ३२ म्हणजे बिअर चांगली जमलीय.

माझी बिअर सगळ्या मित्रांना आवडली, तरी २४ च का मिळाले?

कारण जज "आवडली का" हे बघत नाही, तुम्ही ज्या स्टाइलमध्ये, म्हणजे बिअरच्या ठरलेल्या प्रकारात, पाठवली त्या स्टाइलची आहे का हे बघतो. बीजेसीपी नावाचा जजेसचा कार्यक्रम आहे, १९८५ पासूनचा, त्यांची स्टाइल गाइडलाइन्स सगळीकडे वापरतात, सध्याची २०२१ ची. पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास जर्मन वाइसबिअरमध्ये, म्हणजे गव्हाच्या बिअरमध्ये, हवाच, तोच पिल्सनर या फिक्या, नितळ बिअरमध्ये आला तर दोष. लोण्याचा किंचित वास चेक लागरमध्ये चालवून घेतात, जर्मन पिल्समध्ये नाही. अमेरिकन आयपीएची (इंडिया पेल एल, कडवट बिअर) अल्कोहोल साधारण साडेपाच ते साडेसात टक्के हवी, तुम्ही चार टक्क्यांची मस्त हलकी बिअर करून आयपीए म्हणून पाठवलीत तर जज बिचारा काय करणार. त्यामुळे पाठवायच्या आधी स्वतः चाखून बघा की ही नक्की काय झालीय, आणि जी झालीय त्या खान्यात पाठवा, जी करायची होती त्यात नाही. निम्मे मार्क लोक इथंच घालवतात असं माझं मत.

मला असे बारीक वास कळतच नाहीत हो.

कळतात. फोडणी करपायच्या आधी दुसऱ्या खोलीतून ओरडणाऱ्या माणसाचं नाक वाईट असूच शकत नाही. फक्त बिअरमधला वास आणि डोक्यातलं नाव यांची गाठ घालून द्यायला लागते. मी शिकवताना हे असं सांगते:

लोणी किंवा सिनेमा थिएटरच्या पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर बुळबुळीत थर, हे डायअसिटिल. यीस्ट ते आधी तयार करतं आणि नंतर स्वतःच खाऊन टाकतं, तुम्ही घाई करून बिअर थंड केलीत किंवा यीस्टपासून वेगळी केलीत की ते राहून जातं. कधीकधी बॅक्टेरियामुळेही येतं.

उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डीएमएस. फिक्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यात, त्याचं मूळ असतं आणि उकळताना ते वाफेबरोबर निघून जातं, म्हणून बिअर उकळताना झाकण ठेवायचं नसतं. आपल्याला गॅस वाचवायला झाकण ठेवायची सवय, ती इथं नडते.

हिरवं कच्चं सफरचंद म्हणजे असिटाल्डिहाइड, बहुतेक वेळा बिअर अजून कोवळी आहे, थांबा. भिजलेला पुठ्ठा म्हणजे हवा लागलीय, बाटलीत भरताना खळखळ ओतलीत. चहा फार उकळल्यावर जीभ आवळते तसं झालं तर धान्याच्या टरफलातलं टॅनिन उतरलंय, पाणी फार गरम होतं किंवा धान्य फार धुतलंत. दवाखान्याचा, बँडेजच्या पट्टीचा वास आला तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर संशय घ्यायचा, पाण्यात कॅम्पडनची गोळी टाकली की प्रश्न मिटतो. आणि स्कंक नावाच्या प्राण्याचा वास, जो इथं हायवेवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने घेतलेला असतो, तो बिअरमधल्या हॉप्सवर, म्हणजे कडवटपणासाठी घातलेल्या फुलांवर, ऊन पडल्यामुळे येतो.

हा शेवटचा घरी फुकटात शिकता येतो. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीतली लागर घ्यायची, एक बाटली तासभर उन्हात ठेवायची आणि दुसरी कपाटात, मग दोन्ही थंड करून शेजारी शेजारी वास घ्या. एकदा कळलं की आयुष्यभर कळतं, मग पार्टीत प्रत्येक हिरव्या बाटलीला नावं ठेवाल ते वेगळं.

काही ठिकाणी तर आपण चक्क पुढे असतो. बेल्जियन विटबिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात, ते धने जुने आहेत की ताजे कुटलेले हे माझ्या टेबलावरच्या लोकांना कळत नव्हतं, मला पहिल्या वासालाच कळलं. जुन्या मुरलेल्या कडक बिअरमध्ये कधी मेथीसारखा वास येतो, तोही तसाच. उलट काही लोकांना डायअसिटिल जन्मतःच फारसं कळत नाही, त्यात लाज नाही, म्हणूनच टेबलावर एकटा जज बसवत नाहीत.

जज व्हायला परीक्षा असते का?

असते. आधी ऑनलाइन प्रवेश परीक्षा, ६० मिनिटांत १८० प्रश्न, म्हणजे पुस्तक शोधत बसायला वेळच नाही. ती पास झालात की वर्षाच्या आत टेस्टिंगची परीक्षा, ९० मिनिटांत सहा बिअर, प्रत्येकीची पूर्ण स्कोअरशीट, म्हणजे मार्क आणि शेऱ्यांचा कागद, लिहायची. तपासताना फक्त तुमचे मार्क अनुभवी जजच्या जवळ आहेत का एवढंच बघत नाहीत, चव ओळखली का, वर्णन कसं केलं, सुधारणा काय सुचवली, कागद पूर्ण भरला का हेही बघतात. ६० टक्क्यांना रेकग्नाइज्ड, ७० टक्के आणि थोडा अनुभव असेल तर सर्टिफाइड, त्याच्या वर नॅशनल आणि मास्टर, त्यांना लेखी परीक्षा पण. टेस्टिंगच्या परीक्षेच्या जागा लवकर भरतात, आधी नंबर लावा आणि मग अभ्यास करा.

पण परीक्षेच्या आधीच बसायला मिळू शकतं. आधी स्टुअर्ड म्हणून जा, कुठलीही पात्रता लागत नाही, वय फक्त २१ पूर्ण हवं. माणसं कमी पडली की आयोजक नवख्याला अनुभवी जजच्या शेजारी बसवतात, आणि माणसं नेहमीच कमी पडतात.

स्कोअरशीटवर लिहायचं काय?

"छान आहे", "वाईट आहे", "लय भारी" यातलं काहीही नाही. हा कागद बिअर बनवणाऱ्याकडे जातो, त्याने त्यासाठी फी भरलेली असते, साधारण दहा डॉलरच्या आसपास, आणि महिना-दीड महिना वाट बघितलेली असते. काय आलं, किती आलं, कुठून आलं असावं, काय बदलावं, या क्रमाने लिहा. "कॅरॅमलचा मध्यम वास, त्यामागे हलकं टॉफी, हॉप्स जवळपास नाहीत, शेवट गोड राहतो, या स्टाइलला जरा कोरडा हवा, यीस्ट थोडं जास्त घालून बघा", असं. बिअर कशी बनवली याबद्दल छातीठोक बोलू नका, तुम्ही तिथं नव्हता, "असावं" म्हणा. आणि कितीही घाण लागली तरी एक तरी खरी चांगली गोष्ट शोधून लिहायची, खोटी नाही, खरी. रंग तरी बरोबर असतोच.

मी शाकाहारी आहे, अडचण येईल का?

थोडी. बिअर नितळ करायला काही जण आयझिंग्लास वापरतात, ते माशाच्या पोटातल्या पिशवीपासून करतात, विशेषतः ब्रिटिश पद्धतीत, काही जण जिलेटिन. स्पर्धेत बाटली निनावी असल्याने ते कळायची सोय नाही. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर असते, व्हीगन असाल तर तेही. तुम्हाला हे चालणार नसेल तर स्टुअर्डचं काम करा, किंवा मध चालत असेल तर मीडचं, म्हणजे मधाच्या वाइनचं जजिंग बघा, तिथंही नितळपणासाठी काही घातलेलं असू शकतं पण आयोजकाला विचारून ठेवता येतं.

आणि श्रावणात स्पर्धा आली तर?

हे तुमचं तुम्ही आणि घरच्यांनी बघा बाई!

किती प्यायली जाते एका दिवसात?

एका बैठकीत आठ-दहा बिअर येतात असं धरा, साठ-नव्वद मिलीच्या हिशोबाने अर्धा लिटर ते जवळजवळ एक लिटर, आणि दुपारी पुन्हा दुसरी बैठक. सगळं संपवायचं नसतं, ओतून द्यायला बादली त्यासाठीच आहे. वाइनवाले थुंकतात, बिअरवाले निदान एखादा घोट गिळतात कारण कडवटपणा मागे रेंगाळतो का ते बघायचं असतं. गाडी मात्र घेऊन जाऊ नका, कुणी सोडायला आणायला असेल तरच हो म्हणा. सकाळी नाश्ता पोटभर आणि सपक, मिसळ दुपारनंतर. अत्तर, वासाची क्रीम, लिपस्टिक नको, लिपस्टिकने फेस मरतो. हातांना लसणाचा वास नको, एवढंच.

कोकम, गूळ, आंबा घालून केली तर कुठल्या खान्यात टाकायची?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. कोकम किंवा आंबा घातला तर फ्रूट बिअर, बीजेसीपीच्या यादीतला नंबर २९-ए. आंब्याबरोबर वेलची घातलीत तर २९-बी, फळ आणि मसाला दोन्हीचं. नुसता मसाला, तिरफळ, आलं, मिरची हे ३०-ए. ज्वारी-बाजरीसारखं वेगळं धान्य ३१-ए आणि गूळ घातलात तर ३१-बी, त्यात गुळाची चव ओळखू यायला हवी, नुसती अल्कोहोल वाढवायला घातला असेल तर त्या खान्यात काही अर्थ नाही.

फॉर्ममध्ये जी माहितीची जागा असते तिथं लोक "कोकम" एवढंच लिहितात आणि मग रडतात. समोरच्या जजने कोकम पाहिलेलं नाही! त्याला सांगा की आंबट, किंचित खारट, गडद लाल, वाळवलेली साल आहे आणि मूळ बिअर गोजे आहे. गोजे ही जर्मनीची आंबट, मीठ आणि धने घातलेली गव्हाची बिअर, कोकमासाठी जणू मुद्दाम केलेली, माझा तर आग्रहच आहे की कोकमाचा पहिला प्रयोग हाच करा. आंब्याचं उलटं असतं, हापूसची गोडी यीस्ट खाऊन टाकतं आणि उरतो तो नुसता हलका रेझिनसारखा वास, म्हणून आमरसाची अपेक्षा ठेवून ओतू नका. तिरफळ अगदी थोडं, बी काढून, नाहीतर जजची जीभ बधिर आणि पुढच्या चार बिअरचं वाटोळं.

मी जज असेन तर माझी बिअर पाठवता येते का?

येते. फक्त ज्या गटात पाठवली तो गट तुम्हाला तपासायला मिळत नाही.

बक्षीस काय मिळतं?

मेडल, रिबीन, कधी माल्टची गोणी, कधी दुकानाचं कूपन. मोठी स्पर्धा म्हणजे अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनची राष्ट्रीय स्पर्धा, १९७९ पासूनची, तिच्या अंतिम फेरीत सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याला निनकासी पुरस्कार, निनकासी ही सुमेरियन लोकांची बिअरची देवी. पैशासाठी यात कुणी येत नाही.

बरं, खाण्यावर लिहायच्या स्पर्धा कुठल्या?

दोन जाती आहेत. एक, छापून आलेल्या लेखनाच्या. अमेरिकेत जेम्स बिअर्ड फाउंडेशनचे माध्यमांसाठीचे पुरस्कार, त्यातला एक खाण्यावर लिहिणाऱ्या लेखिका एम. एफ. के. फिशर यांच्या नावाचा, ब्रिटनमध्ये गिल्ड ऑफ फूड रायटर्सचे, बिअरवर लिहिणाऱ्यांसाठी इकडे नॉर्थ अमेरिकन गिल्ड ऑफ बिअर रायटर्स आणि तिकडे १९८८ पासूनची ब्रिटिश गिल्ड. इथं लेख आधी कुठंतरी प्रसिद्ध झालेला लागतो, त्यामुळे नवख्याने आधी लेख छापून आणायच्या मागे लागावं.

दुसरी, अप्रकाशितही चालणाऱ्या. यातली माझी आवडती सोफी को पारितोषिक, अन्नाच्या इतिहासावरच्या निबंधासाठी, १९९५ पासून, प्रवेश फी नाही. पण तिथं नवं संशोधन हवं, पुरणपोळीच्या आठवणी नकोत. कुणी कोकणातल्या मीठागरांवर किंवा सोलापूरच्या ज्वारीच्या व्यापारावर जुनी कागदपत्रं काढून लिहिलं तर मी स्वतः इंग्रजी तपासून देईन. याशिवाय लायब्ररी, गावातली वर्तमानपत्रं, छोटी नियतकालिकं यांच्या लहान स्पर्धा असतात, सुरुवात तिथूनच बरी.

मराठीत लिहायचं तर दिवाळी अंक आहेतच, आणि मंडळांच्या स्मरणिका. वरच्या स्पर्धा मात्र इंग्रजीच्या.

आजीच्या स्वयंपाकघरावर लिहू का?

लिहा, पण परीक्षकाच्या टेबलावर त्या दिवशी आणखी वीस आज्या असतात हे लक्षात ठेवून लिहा. पितळेचा डबा, नऊवारी, चुलीचा धूर, डोळ्यांत पाणी. त्यातून तुमची आजी वेगळी काढायची तर तिने काय केलं ते सांगा, ती किती प्रेमळ होती ते नको. ती मासळी कुणाकडून घ्यायची, भाव कसा करायची, कुठला मसाला कधीच वापरायची नाही आणि का, भांडण कुणाशी होतं. इथं स्कोअरशीटची सवय कामाला येते. "अप्रतिम चव" हे शब्द मी जज असताना लिहू शकत नाही, मग लेखात का लिहू? आंबट होती का, किती, आधी लागली की मागून आली? खरपूस म्हणजे कडेला करपलेलं की नुसतं तांबूस? असं स्वतःला विचारत गेलं की परिच्छेद आपोआप अर्ध्यावर येतो, आणि वाचावासा वाटतो.

आणि प्रत्येक पदार्थाचं इंग्रजीत स्पष्टीकरण देत बसू नका, भाकरीला भाकरीच म्हणा, पुढच्या दोन ओळींत ती कशी थापली ते आलं की वाचकाला कळतं.

दुसऱ्याची रेसिपी वापरली तर चोरी होते का?

अमेरिकेत नुसत्या साहित्याच्या यादीवर कॉपीराइट नसतो, पण कृती ज्या शब्दांत सांगितली त्या शब्दांवर असू शकतो. कायदा राहू दे, ज्यांच्याकडून घेतली त्यांचं नाव लिहा, लेख छोटा होत नाही त्याने. नियमांचं पान नीट वाचा, विशेषतः हक्क कुणाकडे जातात ती ओळ. नुसता भाग घेतला म्हणून लेख कायमचा त्यांचा, अशी अट असेल तर मी पाठवत नाही. फी अवाच्या सवा आणि परीक्षकांची नावंच नाहीत, तरी नाही.

बाटल्या पाठवायच्या कशा?

पोस्टाने नाही, अमेरिकन पोस्टातून दारू पाठवायला बंदी आहे. खासगी कुरिअरवाले पण लायसन्सवाल्यांकडूनच घेतात. सोपा मार्ग म्हणजे बहुतेक स्पर्धा होमब्रूच्या दुकानांत बाटल्या गोळा करतात, तिथं नेऊन द्या. नंबरचा कागद रबरबँडने लावा, चिकटवू नका, फॉर्मवर स्टाइलचा नंबर परत एकदा बघा, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवू नका. गोळा करायची शेवटची तारीख स्पर्धेच्या तारखेच्या बरीच आधी असते, ती कॅलेंडरवर आत्ताच टाका.